यमू उलटून का बोलत नाही, आणि सासूबाईंनी पुस्तक का मिटायला लावलं

ताई, उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण पहिल्यांदा जे लिहिलं ते सगळं वर्गातल्या नोट्ससारखं झालं होतं, पुसून टाकलं.

तुम्ही थोडक्यात असं विचारलंय की शिरपूरच्या वाचनालयातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणली, सासूबाईंना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही म्हणून जेवणं उरकल्यावर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवता, त्या आवडीने ऐकत होत्या, आणि नायिका यमूचे यजमान रघुनाथराव वारतात तिथे सासूबाईंनी "राहू दे आता" म्हणून पुस्तक मिटायला लावलं, त्याला पंधरा दिवस झाले. मग तुमचा राग यमूवर. एवढी सोशिक कशी, एकदाही उलटून बोलत नाही, असली नायिका आज वाचायची कशाला, पुस्तक परत करू का पुढे वाचू. आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. यमूबद्दल लिहीनच, पण ते सगळं शेवटी तिथेच जाणार आहे.

माझ्याबद्दल एवढंच की जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात 29 वर्षं मराठी शिकवलं, ही कादंबरी कधी अभ्यासक्रमात होती कधी नव्हती, मी मात्र काहीतरी निमित्त काढून दरवर्षी तिच्यातलं वाचायचेच. रिटायर झाल्यावर बायकांचा एक वाचनगट चालवते, पंधरा-वीस जणी, त्यात निम्म्या माझ्यापेक्षा मोठ्या. आणि एक आपुलकी अशी की हरिभाऊ आपल्या खानदेशातले, जन्म पारोळ्याचा, 1864 चा. पारोळ्यात कोणालाही विचारा, किल्ला कुठे ते हात करून दाखवतील, हरिभाऊंचं नाव घेतलं तर दोन मिनिटं विचार करतील. असो. वाढले ते मुंबई-पुण्यात आणि कादंबरीतलं घरही पुण्याचं ब्राह्मणाचं आहे, हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता यमू. तुमच्यासारखाच राग माझ्या वर्गातल्या पोरींना यायचा, दरवर्षी, अगदी ठरल्यासारखा. पहिली काही वर्षं मी त्यावर छापील उत्तर द्यायचे, तेव्हाचा काळच तसा होता वगैरे. ते खोटं नाही पण त्याने कोणाचंच समाधान होत नाही, कारण "काळ तसा होता" म्हणजे नक्की काय ते कोणी सांगतच नाही. म्हणून नंतर मी रखमाबाईंची केस सांगायला लागले. ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने यायला लागली 1890 मध्ये. त्याच्या आधी सहा वर्षं, 1884 मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजी नावाच्या नवऱ्याने रखमाबाईंवर दावा लावला, की लहानपणी लग्न झालंय, बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. त्या म्हणाल्या मला न विचारता झालेलं लग्न मी मानत नाही. 1887 ला कोर्टाने सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने जेलमध्ये बसा. त्या म्हणाल्या जेलमध्ये बसते. 1888 ला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, पण देशभर त्यांच्यावर काय काय लिहून आलं, किती मोठमोठ्या माणसांनी टीका केली, ते बघितलं की कळतं "नाही" म्हणायची किंमत काय होती. आणि त्यांच्या मागे डॉक्टर असलेले सावत्र वडील उभे होते, पैसा होता, मुंबई होती. यमूच्या मागे कोण आहे? दादा आहे, जीव लावणारा आहे, पण भाऊच तो, बहिणीच्या सासरच्या ओट्यावर त्याचा आवाज किती चालणार.

कायदा काय होता तेही बघा. मुलीच्या शरीरसंबंधाचं संमतीवय 1891 ला दहावरून बारा केलं, तर त्यावरून पुण्यात रण माजलं. कादंबरी याच गदारोळात छापून येत होती. म्हणजे वाचणारा माणूस एका हातात संमतीवयाच्या भांडणाचं वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात यमूचा हप्ता असा बसलेला असणार. आपण ती एकगठ्ठा जुनी कादंबरी म्हणून वाचतो, त्यांच्यासाठी ती त्या आठवड्याची गोष्ट होती.

पण एवढं सांगूनही यमूवरचा राग जात नाही, मला माहितीये, कारण सोसणं समजलं तरी सोसणारीचा कंटाळा येतो. इथे मी पोरींना एक साधी गोष्ट करायला लावायचे. पुस्तकात यमू घरात काय बोलते ते एकीकडे आणि आपल्याला काय सांगते ते दुसरीकडे, असं वाचा. घरात ती मान खाली घालून आहे. आपल्याला मात्र ती सगळं सांगते, बापाचा तिरसटपणा, आईची घुसमट, सासरची बोलणी, तिथल्याच वडीलधाऱ्या शंकरमामंजींचं देवधर्माचं सोंग, काहीच ठेवत नाही. ही सगळी गोष्ट ती झाल्यावर, सगळं गमावून बसल्यावर लिहिते आहे हे विसरू नका. घरातली गोष्ट घराबाहेर काढायची नाही हा बाईचा पहिला धर्म, आणि तो तिने असा मोडला की पानंच्या पानं मोडला. तोंडाने उलटून बोलली नाही, ठीक आहे, पण लिहून ठेवलं. तुम्हाला बंड पाहिजे होतं ना, ते हे पुस्तक आहे, फक्त तुम्ही ते कथानकात शोधत होता.

(लिहिणारा पुरुष होता, 26 वर्षांचा, हे खरं. त्यावरून आमच्या गटात एकदा चांगलंच वाजलं. एक जण म्हणाली पुरुषाने बाईच्या तोंडून बोलायचं म्हणजे शेवटी कर्ता तोच. मला तसं पूर्ण वाटत नाही, पण ताराबाई शिंद्यांनी 1882 ला ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जे सरळ सरळ सुनावलं ते यमूच्या तोंडी येत नाही हेही खरंच. दोन्ही वाचा, ताराबाई तर एका बैठकीत होतात.)

आता मला खरं जे सांगायचंय ते. या कादंबरीत छळणारी माणसं आहेत म्हणून ती भारी आहे असं नाही, छळणारी माणसं टीव्हीवर रोज रात्री साडेसातला येतात. यमूचा नवरा चांगला आहे. रघुनाथराव शिकलेले, मायाळू, बायकोला माणूस समजणारे, तिच्या लिहिण्यावाचण्याला उत्तेजन देणारे. मुंबईला त्यांचा संसार लागतो ती पानं इतकी गोड आहेत की वाचताना वाटतं चला, सुटली पोरगी. दुसऱ्या बाजूला तिची मैत्रीण दुर्गी, तिच्या नशिबी वाईट नवरा. वाचणारा लगेच हिशोब मांडतो की प्रश्न नवरा कसा मिळतो याचा आहे, चांगला मिळाला की झालं. आणि हरिभाऊ तोच हिशोब उधळून लावतात. रघुनाथराव जातात आणि एका दिवसात कळतं की मुंबईतलं सगळं सुख, ती पुस्तकं, ते हसणंबोलणं, मित्रमंडळीतला मान, यातलं काहीच यमूचं नव्हतं. सगळं त्यांच्या श्वासावर चाललं होतं. श्वास थांबला, आणि ती परत शंकरमामंजींच्या ताब्यात, आणि मग केशवपन, तिच्या मर्जीविरुद्ध.

हे मला पुस्तकं वाचून नाही कळलं बरं. गटात आम्ही मुंबईचा भाग वाचत होतो, सगळ्या खूश, आणि आमच्यातली एक म्हातारी, शाळा दुसरीपर्यंत, ती कोपऱ्यातून म्हणाली, "नवरा भला शे ते बरं शे माय, पन तो मरी गया मंग?" रघुनाथराव जातात ते प्रकरण अजून आलंच नव्हतं! मी एवढी वर्षं शिकवत होते आणि हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

आणि यात भावनेचा भाग कमी, व्यवहाराचा जास्त आहे. तेव्हा एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यातून पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र याच्यापलीकडे हक्क नव्हता. 1937 च्या कायद्याने नवऱ्याचा हिस्सा मिळायला लागला तोही हयातीपुरता, आणि पुरती मालकी 1956 च्या कायद्याने. विधवेच्या लग्नाला 1856 पासून कायद्याची परवानगी होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपला असं त्याच कायद्यात लिहिलेलं. ही चर्चा गटात झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी तलाठ्याकडे गेल्या, सातबारा काढायला. नवरा जाऊन एकीला चार वर्षं झाली होती, वारस म्हणून मुलांची नावं लागली होती, तिचं नव्हतंच. कोणी मुद्दाम केलं नव्हतं म्हणे, "राहून गेलं". फेरफार करायला तिला सात महिने लागले आणि तलाठी ऑफिसच्या किती चकरा ते ती अजून सांगते.

तर यमूबद्दल इथपर्यंत आलो की ती बोलत नाही पण सांगते, आणि तिचं दुःख वाईट नवऱ्याचं नाही, चांगल्या नवऱ्यावर सगळं टांगलेलं होतं याचं आहे. आता खानदेशाचं, कारण तुमच्या सासूबाईंना हे पुण्याचं घर किती आपलं वाटत असेल हा मुद्दा आहे.

गटातल्या बायकांची पहिली प्रतिक्रिया नेहमी असते, "आमच्यात असं नव्हतं." त्यात तथ्य आहे. डोकं भादरून आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसवायची रीत मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली. शेतकरी आणि कष्टकरी जातींत कितीतरी ठिकाणी विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न व्हायचं, आणि शेतात राबणारा हात घरात कोंडून ठेवणं परवडणारंही नव्हतं. 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनीच सभा घेऊन सांगितलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, ही गोष्ट मी सांगते तेव्हा गटात टाळ्या पडतात. यमूची गोष्ट ही सगळ्या मराठी बायकांची गोष्ट म्हणून सांगू नये, ती एका थरातली आहे.

पण मग मी बहिणाबाई काढते. 1880 च्या, आसोद्याच्या, तेराव्या वर्षी जळगावला चौधऱ्यांच्या घरात दिल्या, तिशीतच नवरा गेला. म्हणजे हरिभाऊ यमू लिहीत होते तेव्हा ही पोरगी आपल्या इथे परकर नेसून फिरत होती. त्यांचं कोणी केशवपन केलं नाही, त्या शेतात गेल्या, पोरं वाढवली. तरी नवरा गेल्यावरच्या त्यांच्या कवितेत कुंकू पुसलं गेलं पण गोंदण उरलं असं येतं ना, ते गटात वाचलं की पाच मिनिटं कोणी बोलत नाही. कारण तिथे "आमच्यात नव्हतं" म्हणता येत नाही. वस्तरा नसेल, पण हळदीला पुढे यायचं नाही, ओटी भरायची नाही, कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळताना हात मागे घ्यायचा, लग्नात मागच्या रांगेत बसायचं, हे कोणी सांगतही नाही, बाई आपणच करते. 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. हरिभाऊंच्या हप्त्यांनंतर 130 वर्षांनी. आमच्या भागातल्या एका गावात तोच ठराव मांडायचा विषय निघाला तर सगळ्यात जास्त विरोध कोणी केला सांगू? दोन विधवांनीच. "लोकं काय म्हणतील" म्हणून. मला तेव्हा यमूवर रागावणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी आठवल्या.

एक विचारतात नेहमी, तुम्हीही विचाराल म्हणून आधीच सांगते, की हरिभाऊंनी यमूचं दुसरं लग्न का नाही लावलं? रस्ता नव्हता असं नाही. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन 1889 ला सुरू झालं होतं, आठव्या वर्षी विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या गोदूबाई तिथे शिकल्या आणि 1893 ला अण्णा (महर्षी धोंडो केशव) कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं, म्हणजे कादंबरी पुरी होत होती त्याच दिवसांत. लग्न झालं आणि कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला ते सोडा, पण झालं. मला वाटतं हरिभाऊंना वाचणाऱ्याची सुटका करायची नव्हती. यमूचं भलं झालं असतं तर हप्ता वाचणारे गृहस्थ सुपारी कातरत म्हणाले असते, बघा, शेवटी देव असतोच. त्याऐवजी यमू मरते, आणि पुस्तकाचं नाव तसंच लोंबकळत राहतं. हे माझं मत आहे हां, कोणी वेगळं म्हणेल, आणि शेवट ओढून ताणून रडका केलाय असं म्हणणारेही आहेत, त्यांचं अगदीच चूक नाही, मधली काही प्रकरणं मलाही लांबलेली वाटतात.

आता सासूबाई. हे पूर्णपणे त्या कशा आहेत, तुमचं त्यांच्याशी कसं आहे, सासरे कसे होते, यावर आहे, आणि ते मला इथे बसून काय कळणार. पण गटात असं तीनदा झालंय की नेमकं त्याच पानावर कोणीतरी उठून गेलं. पहिल्यांदा मी मोठी चूक केली. पुढच्या वेळी त्या बाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "का हो, मागच्या वेळी लवकर गेलात?" त्या परत कधीच आल्या नाहीत. मला वाटलं होतं त्यांना आपलं दुःख आठवलं असेल. नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं ते वेगळंच. नवरा गेला तेव्हा घरच्यांनी काही त्रास दिला नव्हता, पण त्यांच्याच हाताने त्यांनी वीस वर्षांपूर्वी आपल्या धाकट्या जावेचं कुंकू पुसलं होतं, बांगड्या फोडल्या होत्या, रीत म्हणून. ते आठवलं. म्हणजे बघा, आपण समजतो ऐकणारी बाई यमूच्या जागी बसलीये, ती कदाचित दुसऱ्याच कोणाच्या जागी बसलेली असते. दुसरीच्या बाबतीत कारण अगदी साधं निघालं, कंबर दुखत होती. तिसरीचं मला अजून माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पुस्तक परत करू नका, मुदत वाढवून घ्या, वाचनालयवाले ओळखीचे असतील तर महिनाभर सहज देतात. पुढचं तुम्ही एकटीने, मनातल्या मनात वाचून ठेवा. केशवपनाचं प्रकरण त्यांच्यासमोर पहिल्यांदा वाचायचं नाही, तुम्हाला आधी माहीत पाहिजे पुढे काय येतंय आणि कुठे थांबता येईल. वाचताना एवढंच बघा की त्या घरात कोण कोण आहे आणि कोण काय करत उभं आहे, चांगली माणसं कुठे आहेत. यमूच्या सोशिकपणापेक्षा ते जास्त सांगतं.

आणि रात्रीची वाचनाची वेळ मोडू नका. दुसरं काहीतरी घ्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, हसाल दोघी, नवरा काय विक्षिप्त आणि बाई काय खमकी. मोठ्याने वाचायला ती भाषा सोपी आहे. वेळ चालू राहिली तर त्यांना कधीतरी म्हणता येईल की ते मागचं काढ. वेळच मोडली तर त्या आपणहून कधीच म्हणणार नाहीत, आपल्याकडच्या सासवा मागत नाहीत काही.

का मिटायला लावलं ते विचारायचं का? मी असते तर नसतं विचारलं, निदान इतक्यात नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) येतेय. नणंदा माहेरी येतील, झोके बांधतील, गौराईची गाणी होतील, घर भरलेलं असेल. अशा वेळी बायका बोलतात, पापड लाटताना, भांडी घासताना, तोंडाकडे न बघता. तुमच्याशी नाही बोलल्या तर लेकीशी बोलतील, तेही चालेल. तोवर त्यांनी थांबवलं त्या पानावर खूण ठेवा, आणि पुस्तक कपाटात न टाकता जिथे रोज असतं तिथेच, त्यांच्या उशाच्या कोनाड्यात राहू द्या.

आणि हो, सासऱ्यांच्या नावावर शेती असेल तर सातबारा एकदा बघून घ्या, त्यावर सासूबाईंचं नाव लागलंय का. हे मात्र आखाजीपर्यंत थांबवू नका, या आठवड्यातच करा.